घराची ट्रायल

३ फेब्रुवारी

मिस्त्रीने तारीख दिली! सत्तावीसला पाया खणायला घेणार. त्याआधी प्लॉट साफ हवा. झुडपं, दगड, राडारोडा, काही दिसता कामा नये, नाहीतर तो दुसऱ्या कामावर जाणार आणि थेट चार महिन्यांनी उगवणार. चौदा वर्षं जागा नुसती पडून आहे. आज एका ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली, आणि दोन्ही वेळा उसवताना हसू येत होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, आज स्वारी खुशीत दिसतेय."

४ फेब्रुवारी

हे तर हवेतच आहेत. बस डेपोत लावून घरी आले की पाय धुवायच्या आधी नकाशा उघडून बसतात. सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही जा. मी इथेच बरी."

इथे म्हणजे या भाड्याच्या दोन खोल्यांत — एकट्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. समोरच्या दारातल्या मावशी आणि त्या, एकेचाळीस वर्षं रोज दुपारचा चहा एकत्र घेतात. "तिकडे मला कोण विचारतंय?" ह्यांनी नकाशाची घडी घातली. म्हणाले, "आई येणार नसेल तर घर भाड्याने देऊ. तिला टाकून मी जाणार नाही." बरोबरच बोलले. पण भांडी घासताना मी रडले. मला त्या घरात राहायचंय, दुसऱ्या कुणाला राहताना बघायचं नाहीये.

७ फेब्रुवारी

पहिला दिवस प्लॉटवर. कंबरभर गवत, आणि लोकांनी आमच्या जागेचा पार उकिरडा करून ठेवलाय. काय काय निघालं — फुटकं बेसिन, सायकलचं चाक, तीन चपला, तिन्ही डाव्या पायाच्या. हे म्हणाले, "कुणीतरी लंगडी घालत गेलेलं दिसतंय." हातमोजे घरीच विसरलो, त्यामुळे बोटांत काटे. संध्याकाळी सुई धरवेना.

८ फेब्रुवारी

अंगाचा भुगा झालाय. उद्या परत जाणार.

१२ फेब्रुवारी

जेसीबी आला! आम्ही चार दिवस ज्या दगडांशी झोंबत होतो ते त्याने चहा थंड व्हायच्या आत उचलले. दुपारपर्यंत जमीन सपाट.

पण हे काय? सपाट झाल्यावर जागा एवढीशी दिसायला लागली! यात तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि माझी मशीनची खोली बसणार कशी? मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "रिकामी जागा लहानच दिसते, वहिनी. भिंती उठल्या की मोठी होते." मला हे अजिबात पटलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. "माती काय बघायची?" नकाशा दाखवला. "कागदावर सगळंच छान दिसतं."

चिडले आधी. मग मशीनवर बसल्या बसल्या वाटलं, त्यांचं काय चुकलं? वीस वर्षं शिवतेय, नुसतं कापड बघून एक तरी बाई खूश झालीय का? कच्चे टाके घालून अंगावर चढवावं लागतं, आरशासमोर उभं करावं लागतं. मग ती म्हणते, हां, इथे जरा घ्या, तिथे जरा सोडा. म्हणजे पसंत आहे.

घराची ट्रायल द्यायची!

१६ फेब्रुवारी

सासूबाई मावशींकडे गेल्याचं बघून त्यांची मापं घेतली. खाट. कपाट. खाटेपासून न्हाणीपर्यंत त्यांची पावलं किती पडतात ते सकाळीच मोजलं होतं — अकरा. गुडघ्यामुळे वळायला जागा लागते, तीही धरली. तेवढ्यात त्या परत आल्या आणि मी टेप घेऊन खाटेखाली.

"काय गं, खाटेला झगा शिवतेस काय?"

चादर म्हणाले. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

२० फेब्रुवारी

आज घर काढलं! दिवसभर खुंट्या, दोरी, आणि दोरीवरून चुन्याची पांढरी फक्की. खरं माप, एकास एक. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. सासूबाईंच्या खोलीत खिडकीपाशी घरून नेलेल्या दोन खुर्च्या ठेवल्या — एक त्यांची, एक मावशींची. मावशी येतील की अधूनमधून, बस दारावरूनच जाते.

मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. चारी बाजूंना उघडं रान, वर ऊन, आणि मी आपली ओट्याजवळ बसलेय. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बघेनात का! इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

मिस्त्री आला. टेप लावला. डोकं खाजवलं. पुन्हा लावला.

"वहिनी, प्रत्येक खोली सहा इंच जास्त कशी?"

"दाब सोडलाय ना."

"कसला दाब?"

"शिवणीचा. पुढेमागे सैल करावं लागलं तर."

तो मटकन खालीच बसला. हसता हसता डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, भिंत उसवत नाही हो." हे तर हसून हसून लाल. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला.

सगळा दाब काढायला सांगितला त्याने, नाहीतर घर रस्त्यावर येईल. काढला. पण सासूबाईंच्या खोलीतले सहा इंच गेले की दुसरी खुर्ची बसेना. मिस्त्री म्हणाला, "सासूबाई येणारच नाहीत ना? मग राहू द्या एकच खुर्ची." मी म्हटलं, माझ्या मशीनच्या खोलीतून घे. त्याने विचारलं, "नक्की?" वीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिवतेय. त्या खोलीची स्वप्नं मी कात्री चालवताना पाहिलीत. नक्की म्हटलं. माझी मशीन आता दाराला चिकटून बसेल.

२४ फेब्रुवारी

सगळं मातीत घातलं मी.

"एकदाच चला, बघा, नाही आवडलं तर परत विषय काढणार नाही," इतकंच सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "माझा गुडघा." मग माझा तोल सुटला. म्हटलं, "गुडघ्याचंसुद्धा माप घेतलंय तुमच्या! दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात मी तिथे, तुमची आणि मावशींची! मी काय वैरीण आहे का?" समोरच्या दारात मावशी उभ्या. सगळं ऐकलं असणार. लाजेने मेले. माफी मागितली, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

हे म्हणाले, "खणायचं तर आहेच. भाडेकरूला आवडेल घर."

२५ फेब्रुवारी

सासूबाई दुपारी मावशींकडे चहाला गेल्या, त्या थेट दिवेलागणीला परतल्या.

२६ फेब्रुवारी

उद्या खणणार. फक्की वाऱ्याने पुसट झाली होती, म्हणून मी आणि मिस्त्री पुन्हा रेषा ओढत होतो. रस्त्याकडेला रिक्षा थांबली. आधी मावशी उतरल्या. मग त्यांच्या हाताला धरून सासूबाई. माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. मावशी माझ्याकडे बघून हात हलवत सरळ आत यायला निघाल्या, तर मागून सासूबाईंनी त्यांचा पदर ओढला.

"अगं, भिंतीतून काय चाललीस? दार इकडे आहे."