कळवायची व्यक्ती

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचं ब्लडप्रेशर आणि भाचीचा संसार, तिन्ही जागच्या जागी आहेत असं धरून चालतो. माझं वजन तेवढंच आहे, केस आणखी कमी झालेत. दुकान जोरात. पंप आणि जनरेटर बिघडायचे थांबत नाहीत, तोवर तुझ्या भावाला काळजी नाही.

सहा वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग चष्मा शोधशील. फोनच करणार होतो. पण फोनवर मला माझाच आवाज ऐकू येतो. इंजिन नुसतं ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारा माणूस मी. स्वतःच्या आवाजात ढिला बोल्ट वाजला की घाबरून भलतंच बोलायला लागतो. म्हणून कागद.

एक काम अंगावर घेतलंय. इथून बोटीने तासाभरावर एक बेट आहे. नारळाची झाडं, पांढरी वाळू, एक गोड्या पाण्याची विहीर, चार पत्र्याच्या खोल्या. वीज नाही, माणूस नाही. तिथे काही पुरुष मंडळींना पाच दिवस राहायचंय. एकत्र स्वयंपाक करायचा, पोहायचं, बोलायचं. बारा जण आहेत. जनरेटर माझा, तंबू माझे, पाण्याचे कॅन, मच्छरदाण्या, सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. तुला माहीत आहे, चार माणसं कुठे निघाली की याद्या मीच करतो.

गिऱ्हाईक मात्र एकेक नमुना आहे. एक निवृत्त शाळामास्तर आहेत. त्यांनी पाचही दिवसांचं वेळापत्रक केलंय, सहाला उठायची घंटा, संध्याकाळी एक तास मौन. आमचा बस कंडक्टर लगेच उसळला, "मास्तर, मौनच पाळायचं तर घर काय वाईट होतं? बावीस वर्षं तेच पाळतोय की!" सगळे हसले. दातांच्या डॉक्टरांनी साखर किती न्यायची यावर अर्धा तास घेतला. भांडी कोण घासणार यावर तर तहाची बोलणी झाली.

आता तुझ्याकडे काम. जेटीवरचा कारकून बोट सोडायच्या आधी एक फॉर्म भरून घेतो. प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, आणि शेवटचा रकाना: 'अपघात झाल्यास कळवायची व्यक्ती व नाते'. माझ्या रकान्यात तुझं नाव आणि तुझा नंबर घालतोय. नुसती पद्धत असते. कदाचित खात्री करायला तो फोन करेल. भाऊ आहे म्हण, झालं. आणि कसलं शिबिर असं त्याने विचारलंच, तर पंपविक्रेत्यांचं म्हण. जेटीवर मी तसंच सांगितलंय, सोपं पडतं.

बाकी ठीक. वरचा भाडेकरू, तो शिंपी, तोही ठीक आहे.

तुझा
धाकटा

---

शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. पहिलं पत्र पोचलं, की दाजींनी टेबलाच्या खणात टाकलं, कळायला मार्ग नाही. हे कुरियरने पाठवतोय, तुझ्या हातातच द्यायला सांगून. हे नीट बसून वाच.

मंगळवारी तुला लिहिलं ते ज्या वहीवर, तीच वही दुसऱ्या दिवशी शिंप्याने मापं टिपायला घेतली. मी पेन दाबून लिहितो. खालच्या कोऱ्या पानावर अक्षर उमटलं होतं. त्याने कागद खिडकीशी धरला आणि शेवटची ओळ वाचून मला विचारलं, "भाडेकरू ठीक आहे का?"

मी म्हटलं, "अरे, तिला एकदम कसं सांगायचं?"

"एकदम? एकोणीस वर्षं झाली."

एवढं बोलून त्याने मशीनवर कापड घेतलं. मशीन ज्या गतीने चाललं त्यावरून मला कळलं, हे प्रकरण जेवणाच्या वेळेपर्यंत मिटणारं नाही. जेवताना म्हणाला, "यादीतून माझं नाव काढ. तुमची गिऱ्हाइकं तुम्ही न्या."

तेव्हा ताई, दुरुस्ती करतो. ते गिऱ्हाईक नाहीत. आम्ही आहोत. बाराही जण समलिंगी आहोत. पुरुषांवर जीव असलेले पुरुष. हे वाक्य लिहायला मला एकसष्ट वर्षं लागली आणि लिहिल्यावर उठून दोनदा पाणी प्यालो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही माझ्या गोदामात जमतो. पंपांच्या खोक्यांवर बसतो. कोणाचा नातू झाला, कोणाच्या बायकोला कळलं, कोणाला घर सोडावं लागलं, हेच बोलणं. बोलतानाही शटर अर्धं खाली. मास्तर एकदा म्हणाले, "पाच दिवस मिळावेत, शटर नसलेले." तिथून या बेटाचं सुरू झालं.

आणि वरची खोली. तू आलीस तेव्हा जिना चढली नाहीस, गुडघ्यांमुळे. चढली असतीस तर दिसलं असतं. तिथे एकोणीस वर्षं माझे सुटे भाग राहतात. शिंपी खाली राहतो, माझ्याबरोबर.

मला वाटतं, हे तुला माहीत आहे. कधीपासून तेही मला माहीत आहे. भाचीच्या लग्नापासून.

तिचे सगळे ब्लाउज त्याने शिवले होते, पंधरा दिवस डोळे फोडून. आम्ही दोघं आलो तेव्हा दाजींनी मला बाजूला घेतलं. "हा कोण म्हणून सांगायचं लोकांना?" मी म्हटलं, "शिंपी आहे, कपड्यांचं बघायला आणलाय." दिवसभर तो मागच्या खोलीत इस्त्री घेऊन उभा होता. जेवलाही तिथेच. मग फोटोवाल्याने हाक मारली, "घरचे सगळे या!" शिंपी दारात आला. एक पाऊल पुढे टाकलं त्याने, ताई, एकच. आणि मी म्हटलं, "अरे, इस्त्रीचं बटण बंद केलंस का, जरा बघ."

तो बघायला गेला. परत आला तोवर फोटो झाला होता.

तू माझ्या शेजारीच उभी होतीस. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. त्यानंतर मी तुझ्याकडे आलो नाही. कामाचं कारण सांगत राहिलो, दाजींवर राग धरल्यासारखं केलं. दाजींनी फक्त विचारलं होतं. उत्तर माझं होतं.

आता खरी अडचण. फॉर्ममधला तो रकाना मला नुसती पद्धत वाटला होता. कारकून मात्र कडक आहे. म्हणाला, "गेल्या वर्षी बोट उलटली. एक माणूस चार दिवस शवागारात पडून होता. रकाना कोरा. कोणाला कळवायचं? मीच गेलो शेवटी त्याच्याबरोबर स्मशानात. यंदा एक जरी रकाना कोरा राहिला, तरी बोट सुटणार नाही."

मी फॉर्म वाटले. परत आले तेव्हा सहा जणांनी कोणा ना कोणाचं नाव लिहिलं होतं. बहीण, मुलगी, कंडक्टरने तर चक्क बायकोचं. चौघांचे रकाने कोरे. त्यात मास्तर एक. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या फॉर्मवर सह्या केल्या त्या माणसाने. मला म्हणाले, "कोणाचं लिहू? ज्यांचं लिहिता येईल त्यांना मी कुठे आहे ते कळता कामा नये."

मी त्या चौघांच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. शिंप्याच्याही. आणि कारकुनाकडे देऊन आलो. माझ्या हुशारीला मला कधी लगाम घालता आला नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मंगळवारी, १० तारखेला, सकाळी अकरा वाजता तो तुला फोन करेल. सहा जणांबद्दल विचारेल. एका जरी नावाला तू नाही म्हणालीस तर बोट बंद, आणि 'पंपविक्रेत्यांचं शिबिर' का म्हणालो याची चौकशी सुरू. डॉक्टरांचा दवाखाना आहे, एक जण बँकेत आहे. काय होईल ते तुला सांगायला नको.

तरी तुला खोटं बोल म्हणणार नाही. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, ते मागे घेतो. जे खरं वाटेल ते सांग.

तुझा
धाकटा

---

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र बेटावरून लिहितोय. सामान घेऊन आलेला नावाडी परत जाताना टपालात टाकेल.

फोनवर तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. पण या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही, आणि ते सांगायचं तर तुझं बोलणंही पुन्हा लिहावं लागेल. सहन कर.

कारकुनाची खोली म्हणजे दहा बाय दहा. एक टेबल, एक पंखा, भिंतीला टांगलेली लाइफ जॅकेटं. आम्ही अकरा जण भिंतीला चिकटून उभे. बारावा शिंपी, तो दारात. रिकाम्या हातांनी आला होता, स्वतःच्या हाताने नाव खोडायला. माझ्याकडे बघत नव्हता. बोटीच्या भोंग्यांनी कारकुनाचा एक कान गेलाय, त्यामुळे तो फोन स्पीकरवर लावतो आणि सगळ्या खोलीला ऐकू जातो. हे मला आधी कळलं असतं तर मी बाहेर थांबलो असतो.

घंटी सहा वेळा वाजली. मग तू.

"जेटीवरून बोलतोय. हे पंपवाले गृहस्थ तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ. का, बुडाला का?"

"नाही बाई, अजून निघालाच नाही."

"मग आत्तापासून कशाला जीव घेताय?"

कंडक्टर फिसकन हसला. मी नाही. तुझ्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता आणि तू तो बंद करत नव्हतीस. राग आला की तू नळ बंद करायला विसरतेस.

कारकुनाने पुढचं नाव घेतलं. शिंप्याचं. "हे तुमचे कोण?"

नळ चालूच. मागून दाजी खाकरले आणि म्हणाले, "कोणाचा फोन आहे गं?" तू म्हणालीस, "थांबा हो जरा, मी बोलतेय." मग नळ बंद झाला. ताई, त्या खोलीत मला बारा माणसांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते.

"घरचा आहे," तू म्हणालीस.

"घरचा म्हणजे? नातं लिहावं लागतं, बाई."

"मेहुणा, साडू, व्याही, सगळं बसतं ना तुमच्या रकान्यात? मग हेही बसवा. लिहा, घरचा."

कारकुनाने लिहिलं. अक्षर किती मोठं काढतो तो! मी दाराकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही.

मग मास्तरांचं नाव आलं आणि तुझा आवाज बदलला. "हे कोण? मी यांना ओळखत नाही."

कारकुनाने पेन टेबलावर ठेवलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसलेलाच होता तो.

"यांच्या रकान्यात तुमचं नाव आहे. असे आणखी तिघं आहेत."

"कोणी दिलं माझं नाव?"

"तुमच्या भावाने."

"मला विचारलं होतं त्याने?"

कारकून माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. तूच म्हणालीस, "नसेलच विचारलं. तो आधी करतो आणि मग पत्र लिहितो." मग विचारलंस, "त्या चौघांचं काही बरंवाईट झालं, तर त्यांच्या घरी कोणाला कळवायचं?"

"तोच तर प्रश्न आहे, बाई. कोणी नाही."

यापुढे तू किती वेळ थांबलीस तुला ठाऊक नसेल. पंखा माझ्या डोक्यावर होता, त्याचं एक पातं वाकडं आहे, प्रत्येक फेऱ्याला टक् करतं. एकोणीस वेळा टक् झालं.

"नावं सांगा," तू म्हणालीस. "सावकाश. पेन्सिल घेऊ दे. मी लिहून घेते."

त्याने नावं सांगितली. तू प्रत्येक नाव परत म्हणून दाखवलंस, वयासकट. दातांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांची बहीण तर रकान्यात आहे. शेवटी तू म्हणालीस, "ठीक. मला कळवा." कारकुनाने विचारलं, "भाऊ इथेच उभे आहेत. देऊ का फोन?"

"नको," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्या 'नको'त काय होतं, ताई? दोन दिवस झाले, मनात परत परत वाजवून बघतोय. राग होता, की रडू, की नुसते दाजी मागे उभे होते? आयुष्यभर या कानांवर पोट भरलं, पण हे एक मला ऐकू येत नाही. शिबिर कसलं, हे कारकुनाने विचारलंच नाही. शिक्का मारता मारता मास्तरांना एवढंच म्हणाला, "वाळूत पंपांना जपा हं." त्याला केव्हापासून कळलं होतं, देव जाणे.

बाहेर आल्यावर शिंपी पहिल्यांदा बोलला. "बोट किती वाजता?"

"तीनला."

"मग कपडे भरायला वेळ आहे." आणि चालू लागला. चार पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाला, "इस्त्रीचं बटण बंद करून येतो." त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं, की खरंच इस्त्री चालू ठेवून आला होता, मी विचारलं नाही. तीनला पाच मिनिटं असताना तो बॅग घेऊन हजर.

आता सकाळचे नऊ वाजलेत. मास्तरांची घंटा काल कोणीतरी विहिरीत टाकली. मौन रद्द झालंय. कंडक्टर नारळावर चढायचा प्रयत्न करतोय आणि खाली पाच जण त्याला पाच दिशांनी सल्ले देताहेत, त्यांचा आवाज इतका मोठा आहे की जनरेटर ऐकू येत नाही. समोर शिंपी बसलाय, फाटलेली मच्छरदाणी शिवत. मी काय लिहितोय ते त्याला माहीत आहे. या वेळी मीच वाचून दाखवलं.

बोट रविवारी परत सुटेल. उतरलो की कारकून सगळ्यांच्या नावांवर एकेक रेघ मारतो. तुझ्याकडच्या कागदावर आमची दोघांची नावंही घाल आणि मार, सहा रेघा. आणि दाजींची हरकत नसेल, किंवा असली तरी, त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं येतो. पुढच्या दाराने. तो फोटो भिंतीवर असेल तर राहू दे, मला तो शिंप्याच्या शेजारी उभं राहून बघायचाय. येऊ नका असं वाटलं तर पत्र नको, फोन कर. कसाही असो, तुझा आवाज ऐकायचाय.

तुझे,
धाकटा
आणि घरचा