जात्याला टाकी

नाशिक, फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप कुसाआक्का हिला धाकट्या सावळीरामाचा सविनय जय भीम.

खट्... खट्... खट्. सकाळपासून कानात हाच आवाज घुमतो आहे. आईच्या अंगणात नवसाबाई पाथरवटीण जात्याची पाळी उलटी टाकून छिन्नीने तिला टाकी लावायची, कपच्या उडायच्या, आणि तू मला मागे ओढून ‘डोळं मीट, सावळ्या’ म्हणून ओरडायचीस. तर सायखेड्यात तुझे गुडघे, तुझा खोकला आणि तुझी शेळी या तिघांची प्रकृती उत्तम असेलच. (शेळीची विशेष चौकशी; मागच्या खेपेस तिने माझी टोपी खाल्ली होती.)

माझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरल्याचं तुला ठाऊक आहेच. पुढच्या गुरुवारी आहे. ते साधलं तर काठी सुटेल. नाही साधलं तर खाटेवरूनच कविता म्हणायच्या. तू यावंस असा माझा मुळीच आग्रह नाही. दाजी इथल्या दवाखान्यातून परतले नाहीत, तेव्हापासून तू नाशकात पाऊल टाकलेलं नाहीस, हे मी विसरलेलो नाही.

खरं म्हणजे हे ऑपरेशन गेल्याच आठवड्यात व्हायचं होतं. ते लांबलं कसं, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. आपला नाथा सातपूरच्या ज्या कारखान्यात लेथवर आहे, तिथेच माझ्या मांडीच्या हाडात बसवायचा दांडा तयार झाला. टायटॅनियम नावाच्या धातूचा. (बापाच्या हाडाचं माप मुलाने घ्यावं, हा योग शिक्षकाच्याच नशिबी.) मालकांनी मोठ्या मनाने तो एक रात्र घरी दाखवायला दिला. मी डबी उघडली आणि माझा चेहराच पडला. राखाडी, निस्तेज, बोट फिरवलं तर किसणीसारखा खरखरीत! जन्मभर मुलांना अक्षर घोटायला लावलं, आणि माझ्या देहात हे असलं अर्धवट काम? शिवाय आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी वस्तू असो की जुनी, चिंच लावून घासल्याशिवाय ती घरात मिरवायची नाही. चिंच लावली, राख लावली, धातू ढिम्म. मग सकाळी नाथा आंघोळीला गेल्यावर डबी पिशवीत टाकली, काठी टेकत भांडी बाजार गाठला आणि सहादूपुढे दांडा ठेवला. सहादू माझा जुना विद्यार्थी, भांड्यांना पॉलिश करतो. म्हणाला, लय चिवट माल हाय गुरुजी, पण तुमच्यासाठी आरसा करून देतो. आणि दिलाही! त्यात मला माझी भुवई दिसली. मी तो नाथापुढे विजयी वीरासारखा धरला. डबी शोधत घर पालथं घातलेला नाथा मटकन खाली बसला.

“आबा,” तो म्हणाला, “तो खरखरीतपणा आम्ही मुद्दाम आणला होता.”

रागावला नाही गं. मला सातपूरला घेऊन गेला, नवा दांडा करायला घेतला होता तो भिंगाखाली ठेवला आणि म्हणाला, बघा. आक्का, काय पाहिलं म्हणून सांगू! वाळूचा मारा करून त्या नखाएवढ्या जागेवर डोंगर उठवले होते, दऱ्या पाडल्या होत्या; चांदवडचा घाट ढगांतून पाहावा तसं. नाथा सांगत होता की हाड जिवंत असतं. (मी इतकी वर्षं त्याला आतला खडू समजत होतो.) ते हळूहळू पुढे सरकतं, या दऱ्यांमध्ये उतरतं आणि तिथेच घर करतं. गुळगुळीत धातूवर त्याला पाय रोवायला जागा नसते. मग दांडा आत हलत राहतो. मी किती वेळ डोळा लावून बसलो होतो कोण जाणे. कुठला हा धातू, कुठल्या खाणीतला, आणि माझं हे म्हातारं, अंगठेबहाद्दर हाड त्याला आपलं म्हणणार! तेवढ्यात कानात सुरू झालं, खट् खट्. आईचं जातं गुळगुळीत झालं की दाणे नुसते घसरायचे, पीठ पडायचं नाही. म्हणून तर नवसाबाईला बोलवायचं. एवढं डोळ्यांदेखत शिकलेलं मी भांडी बाजारात विसरलो.

आता घरात सगळे हसतात. सूनबाईने तर चिंचेची बरणीच कुलपात ठेवली आहे. मला भीती वगैरे बिलकुल नाही.

तुझा,
सावळीराम

ता. क. भीती आहे. नवा दांडा कालच तयार झाला. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. सगळे माझ्याशी फार गोड, फार गुळगुळीत बोलतात, आणि त्यातलं काहीच मनाला धरत नाही. आक्का, एकदा येऊन मला शिव्या दे. दवाखान्याच्या पायरीपर्यंतच ये, आत नको.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालतच होतो, तर दार वाजलं. सुनेने उघडलं. नाथाने सगळी हकीकत सांगून कधी निरोप धाडला, मला पत्ता नाही. एस.टी.ची धूळ डोक्यावर घेऊन, हातात भाकरीचं फडकं धरून, दारात तू उभी. मी उठायला धडपडतो आहे, आणि चप्पल काढायच्या आधीच तुझी टाकी सुरू:

“बस खाली, सावळ्या. हाड हाय का तांब्या हाय, उजळाया नेलास तो?”