चौकटीत न मावलेले दोन शब्द

१४ जून, शनिवार

ती. दादास,

नमस्कार. इकडे मी आणि माझा जुना खोकला, दोघंही मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला सांग, तो पट्टा गुडघ्याला बांधायला पाठवलाय, कपाटात जपून ठेवायला नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं काय होतं, माहीत आहे ना? तू "बोल, बोल" म्हणतोस, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक येतं आणि मला विषय बदलायला आयतं निमित्त मिळतं. कागदावर ती सोय नाही.

मी खोली बदलली. ही आधीच्यापेक्षा लहान आहे. शेगडी इतकी जवळ की पलंगावरून न उठता उतू जाणारं दूध वाचवता येतं. ऑफिसात नवे साहेब आलेत. दिवसभर मथळे बदलतात आणि संध्याकाळी पुन्हा माझाच पहिला मथळा ठेवतात. असो. नुसत्या चकाट्या पिटायला मी पत्र लिहायला बसलेली नाही.

परवा तू म्हणालास, "चिमणीचं ठरलं. पत्रकारितेलाच जायचं, आत्याच्याच कॉलेजात. महिनाअखेरीला दुकान तारण ठेवून कर्ज काढतोय." मी म्हटलं, "अरे, नीट विचार केलास का?" तर तू हसलास. "लेकीच्या शिक्षणाला विचार कसला! आणि पदवीनंतर किती मिळतात, ते तुझ्याच पेपरात छापून आलंय की. कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. चष्मा करायला येणारा प्रत्येक जण वाचून जातो."

दादा, ते मी लिहिलंय.

वर "आमच्या प्रतिनिधीकडून" असं आहे ना, ती प्रतिनिधी मीच. ती करिअरची पुरवणी कॉलेजांच्या जाहिरातींच्या पैशांवर निघते. एरवी आमच्याकडे कुठलाही आकडा दोन ठिकाणी विचारल्याशिवाय छापत नाहीत. पुरवणीला तो नियम नाही. मी कॉलेजात फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ज्यांनी कळवलं, त्या विद्यार्थ्यांच्या पगाराची ही सरासरी." मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पान लावताना ती ओळ चौकटीबाहेर जायला लागली. अशा वेळी आम्हा डेस्कवाल्यांचा हात आपोआप चालतो. बिनकामाचे शब्द शोधायचे आणि उडवायचे. मी "ज्यांनी कळवलं" हे दोन शब्द उडवले. ओळ छान बसली. मी चहाला गेले.

ते शब्द बिनकामाचे नव्हते, हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण कॉलेजने मलाही विचारलं होतं, सध्या किती कमावता म्हणून. मी ती ईमेल दोनदा उघडली आणि बंद केली. लाज वाटली रे. पोटापुरतं मिळवणारे सगळे माझ्यासारखेच गप्प बसले असणार, हे तेव्हाही मला कळत होतं.

आता या आठवड्यात माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या लोकांना फोन केले. जी टीव्हीवर दिसते, तिने हौसेने कळवलं होतं. आणि आमच्यातला सगळ्यात चांगला बातमीदार होता ना, तो आता सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानात बसतो. त्याला विचारलं, "तू का नाही कळवलंस?" म्हणाला, "बाई, सोफ्याचा भाव विचार, तो सांगतो." आम्ही खूप हसलो. मग बराच वेळ दोघांनाही फोन ठेवता येईना.

साहेबांना म्हटलं, खुलासा छापू या. ते म्हणाले, "जाहिरातीच्या पुरवणीचा कसला खुलासा? डोकं फिरलंय का?" म्हणून तो तुला पाठवतेय.

तर ऐक. माझा पगार त्या छापलेल्या आकड्याच्या निम्माही नाही. त्यातला मोठा घास हप्ता खातो. हो, हप्ता. माझं शिक्षणाचं कर्ज फिटलं असं मी तुला सांगितलं होतं, ते खोटं आहे. तू दर वेळी इतक्या काळजीने विचारायचास की एक दिवस मी वैतागून म्हणून टाकलं, "फिटलं रे बाबा!" त्यावर तुझा आवाज एवढा हलका झाला की शब्द मागे घ्यायची माझी हिंमतच झाली नाही. पुढे तू चिमणीला सांगायला लागलास, "आत्याने बघ कसं एकटीने फेडलं." मी शेजारीच बसले होते. मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवत होते. त्या चौकटीपेक्षा हे वाईट, मला कळतं. त्या पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी तिला फसवलं.

तिला जाऊ देऊ नकोस, असं मी म्हणत नाही. पोरगी चौकस आहे, माझ्यापेक्षा धीट आहे. आणि खरं सांगू? एखादी बातमी जमली की मी अजूनही जेवण विसरते. काम वाईट नाही. पण तुझं दुकान पणाला लावावं इतकं ते देतं का, हे तिला खरा आकडा बघून ठरवू दे. तोवर सही करू नकोस, तुझ्या पाया पडते. आधी चिमणीला माझ्याकडे पाठव. पगाराची पावती, बँकेचं पासबुक, सगळं तिच्यापुढे ठेवते. तिला हवे ते प्रश्न विचारू दे. पहिली मुलाखत आत्याचीच घेऊ दे. कदाचित त्यानंतर ती माझ्याशी बोलणार नाही. तूही बोलणार नाहीस. मला फार लागेल, पण तक्रार करायला तोंड नाही.

ते कात्रण आजच्या आज काढ. काचेखाली जागा रिकामी दिसली तर तिथे हे पत्र ठेव. गिऱ्हाइकांनी वाचलं तरी चालेल.

ज्यांनी कळवलं नव्हतं त्यांच्यातली एक,
तुझी धाकटी