फियाटला जुंपलेला थोरला टर्बो

अहमदनगर
ता. ८ फेब्रुवारी १९७१

सौ. आक्काला बन्सीचा दंडवत. दाजींना नमस्कार, लेकरांना पापा. मी खुशाल आहे, हातपाय धड आहेत.

तू विचारलंस ते सांगतो, पण आधी गाडीचं ऐक. कादरचाचांच्या गॅरेजात शर्यतीसाठी फियाट तयार होतेय. तिला टर्बो बसवायचा. म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, की गाडी उधळलीच! चाचांनी लष्करी भंगारातून दोन आणले. एक धाकटा, एक भोपळ्याएवढा. म्हणाले, तूच निवड. मी बाजारात बैल पारखावा तसा पारखला अन् हाडापेरानं थोरला तो उचलला.

"इत्तासा इंजिन, इत्ता बडा पंखा! घुमायेगा कौन, तेरा दाजी?" चाचा हसले. पण बसवू दिला. ठेच लागल्याबिगर हा शिकायचा न्हाई, असं त्यांचं मत.

हां, घोडेगाव. गेल्तो गं! ट्रायल म्हणून फियाटच नेली. शुक्रवारचा बाजार, म्हशीच म्हशी. त्यात एक अशी होती, काळीभोर, शिंगं अशी... ते राहू दे. गर्दीत गाडी मेल्यासारखी चालली. आसारामबुवांच्या दारापाशी रस्ता मोकळा दिसला म्हणून दाबली, तर काहीच नाही. आणखी दाबली. मग एकदम पंख्याला जोर चढला अन् गाडी थेट त्यांच्या कडब्याच्या गंजीत!

पहिली त्यांची लेक मालनच धावत आली. व्हय, जिला बघायला तू धाडलंस तीच. मी लाजून बॉनेट उघडलं, टर्बोची सगळी हकिकत सांगितली. तिनं वाकून बघितलं.

"एवढ्याशा गाडीला एवढा थोरला बैल? धाकटा नव्हता व्हय?"

"हुता."

"मंग?"

आसारामबुवा हसून हसून ओट्यावर बसले.

पोहे झाले. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "एका ठिकानी किती दिस टिकता तुमी?"

आक्का, मी सोडलेली गावं बोटांवर मोजू लागलो. मिरज, इंदूर, नाशिक... ती कपबश्या उचलून आत गेली.

आल्या आल्या थोरला उतरवला. धाकटा बसवतोय. चाचा म्हणतात, राहा, पुरता मिस्त्री करतो. मी व्हय म्हणालो. माळीवाड्यात खोली घेतलीय. शर्टाला भिंतीत खिळासुद्धा ठोकला.

मला ती पसंत आहे. माझं विचारू नको, तिचं विचार. होकार असो, नकार असो, ह्याच पत्त्यावर कळव.

इथंच सापडेल असा, तुझा
बन्सी