निगेटिव्ह दुकानातच राहील

चाचा, तुम्ही असतात तर हे लिहायची वेळच आली नसती. मालेगावच्या वाशिम रोडवरच्या तुमच्या दुकानात आले असते, त्या डुगडुगत्या स्टुलावर बसले असते आणि विचारलं असतं की ज्या फोटोला कागदच नाही, त्याचे पैसे किती घ्यायचे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून आधी मनसोक्त हसला असतात. हसा, पण या प्रश्नानं माझी झोप उडवली होती. अकोल्याच्या एका लग्नवाल्या स्टुडिओनं मला पगारावर बोलावलं होतं आणि दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. लग्नांचं मला वावडं नाही, इतकी वर्षं पोट त्यांनीच भरलंय. पण मला मैदानाच्या कडेला उभं राहायला आवडतं. कबड्डीची चढाई, शाळेच्या पोरींची धाव, आसेगावचं टेनिस बॉलचं क्रिकेट टिपताना मी तहानभूक विसरते. त्या कामावर जगता येईल की नाही, एवढंच मला कळत नव्हतं.

तुमच्याकडे मी आले तीही मैदानातूनच. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायला शाळेनं तुम्हाला बोलावलं होतं. पाहुणे काही वेळेवर येईनात, म्हणून तुम्ही उन्हात कडेला बसलात आणि बसल्या बसल्या शर्यतीच्या दोरीला छाती लावणाऱ्या एका अनवाणी पोरीचा फोटो काढलात. पुढे बाजाराच्या दिवशी आईबरोबर मालेगावला आले, तर तुमच्या दुकानाच्या काचेत मीच. तोंड वासलेलं, वेण्या आडव्या उडालेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र जागची हलेना. मोलमजुरीवर आमचं घर चालवणारी बाई ती, आणि घरात बुद्धाच्या तसबिरीशिवाय दुसरं चित्र नव्हतं. त्यानंतर दर बाजाराला ती भाजीची पिशवी खाली ठेवून त्या काचेसमोर थांबायची. आत जाऊन किंमत विचारायची तिची कधी छाती झाली नाही. बारावी झाल्यावर शेवटी मीच विचारायला आत आले आणि किंमत विचारायची सोडून काम मागून बाहेर पडले. मग रोज आमच्या मेडशीहून एसटीनं यायला लागले.

तुमच्या दुकानात एकच कायदा होता. फोटोच्या कॉप्या हव्या तितक्या न्या, निगेटिव्ह दुकानातच राहील. किन्हीराजा गावचे एक गुरुजी आपल्या लग्नाच्या निगेटिव्हसाठी खेटे घालायचे. तुम्ही त्यांना चहा पाजायचात आणि म्हणायचात, "गुरुजी, कॉप्या न्या ना लागन तेवढ्या. निगेटिव्हचं काय लोणचं घालता काय?" एकदा तुम्ही नमाजला गेला होतात आणि मला त्यांची दया आली. पाकीट काढून हातात देणारच होते, तेवढ्यात तुम्ही दारात उभे. गुरुजींना तुम्ही चहा पाजून वाटेला लावलंत. ते गेल्यावर शांतपणे म्हणालात, "बेटा, निगेटिव्ह देली का गिऱ्हाईक गेलं. आपल्यापाशी दुसरं हायेच काय?" त्या दिवशी तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात आणि मी डार्करूममध्ये जाऊन रडून घेतलं.

आता फाईलचं कसं आहे चाचा, फोटोही तीच आणि निगेटिव्हही तीच. मोबाईलवर पाठवली की गेली हातची. वाशिमच्या माझ्या स्टुडिओत आधी मी एका फाईलचा दर लावला. संघातला एकच खेळाडू विकत घ्यायचा आणि दुपारपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर. दर वाढवला तर तो एकही फिरकेना. कमी केला तरी घेणारा एकच. बोलायला जावं तर पोरं साखरेसारख्या आवाजात म्हणतात, "ताई, त्याले कागद लागते का शाई लागते? पाठवून द्या ना." चीड येते, पण त्यांचं खोटं आहे असंही म्हणवत नाही. मग मी शक्कल लढवली. पसंतीसाठी पाठवायच्या फोटोंवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या स्टुडिओचं नाव आणि मोबाईल नंबर आडवा टाकला. म्हटलं, आता कोण फुकट वापरतंय ते बघते.

तेवढ्यात माझ्याच मेडशीच्या पोरींनी कबड्डीत जिल्हा जिंकला. दोन दिवसांत गावच्या स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लागला. फोटो मी काढलेला, पसंतीला पाठवलेला, माझ्या नावानंबरासकट. आपल्याकडे फ्लेक्सवर ज्याचं नाव मोठं तो शुभेच्छुक, म्हणजेच खर्च करणारा, हे तुम्हाला काय सांगायचं. मला धडाधड फोन सुरू झाले. सरपंचांनी आभार मानले. आसेगावच्या क्रिकेट मंडळानं विचारलं, यंदाचं पहिलं बक्षीस मॅडम तुमच्याकडून लिहू ना? जिच्या फाईलला गिऱ्हाईक मिळेना, ती बाई बसल्या जागी दानशूर झाली होती. मी तणतणत एसटीत बसले. फ्लेक्सवाल्याला आज सोलूनच काढायचा, असं वाटेभर घोकत होते.

फ्लेक्सखाली एक बाई उभी होती. सोयाबीनच्या सोंगणीवरून परतलेली, डोक्याला रुमाल, हातात विळा, मान वर. ती संघाच्या कर्णधार पोरीची आई होती. मी कोण ते सांगितल्यावर वाटलं, आता भांडेल. ती भांडली नाही. म्हणाली, "बाई, साऱ्या पोरी दिसून राह्यल्या, माह्याच पोरीच्या तोंडावर तुहा नंबर आला. बिगर नंबरचा फोटो कितीले देतं?"

दर मला तोंडपाठ होता. पण ती फ्लेक्सकडे पाहत होती आणि मला तुमच्या दुकानाची काच दिसत होती, जमिनीवर ठेवलेली भाजीची पिशवी दिसत होती. मग तुमच्याकडचा माझा शेवटचा दिवस आठवला. वाशिमला मी स्वतःचं दुकान टाकणार आहे, तुमच्या पाया पडायला वाकते, तर तुम्ही मला अडवता आणि माळ्यावरचा खोका खाली काढता. त्यातलं एक पाकीट माझ्या हातावर ठेवता. मी निगेटिव्ह उजेडाकडे धरते. दोरी, काळं पडलेलं तोंड, पांढऱ्याफेक वेण्या.

"तुह्या मायले दे," तुम्ही म्हणता. काचेसमोर थांबणारी बाई माझी आई, हे तुम्हाला केव्हा कळलं ते मला आजही माहीत नाही.

"निगेटिव्ह?" मी विचारते.

"मी तिथं उन्हात बसलो, त्याचे पैसे मले शाळेनं देले. पळाली त तूच ना?"

"मग गुरुजींची?"

"गुरुजी काय पळत गेल्ते लग्नाले?"

तेव्हा मी हसले होते. मेडशीच्या स्टँडवर मात्र मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्या बाईला मी म्हटलं, मावशी, फोटोची किंमत नाही. किंमत माझ्या येण्याची आणि उन्हात उभं राहण्याची. ती सामन्याआधी संघानं मिळून एकदाच द्यायची, मग सगळ्या फाईली सगळ्या पोरींच्या, नावानंबराशिवाय. तिनं रुमाल सोडून घाम पुसला आणि म्हणाली, "म्हंजे सोंगणीच्या गुत्त्यावाणी. साऱ्या वावराचे पैसे एकदा ठरले का मंग पेंढ्या कोणी मोजत नाई." मी तिथंच उभ्या उभ्या तिच्या मुलीच्या मोबाईलवर सगळे फोटो कोरे पाठवले. फ्लेक्सवाल्याकडे गेलेच नाही. उलट बसायला जागा मिळेपर्यंत एसटीत एकटीच हसत होते.

आसेगावच्या मंडळाला मी परत फोन लावला. बक्षीस देणार नाही, पण स्पर्धाभर येईन, अमुक एक रक्कम आधी द्या, फोटो साऱ्यांचे. त्यांनी कुरकुर केली, घासाघीस केली आणि हो म्हणाले. त्यांच्या मागून एका शाळेनं विचारलं, मग पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांनी. स्टँडवरचा फ्लेक्स उन्हानं विटला, तरी माझा नंबर अजून वाचता येतो म्हणे. अकोल्याला मी ‘नाही’ असं कळवून टाकलं. फार मिळतंय असं नाही, पण भागतंय, आणि मी खूश आहे चाचा. हे तुम्हाला सांगायचं होतं.

तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे, तेव्हा हे पत्र पाठवणार तरी कुठे? घडी घालून माझ्या दुकानातल्या कपाटात, तुम्ही दिलेल्या त्या जुन्या पाकिटात ठेवते. ठेवताना एक सांगून टाकते. निगेटिव्ह आईला दे म्हणाला होतात. आईला मी मोठा फोटो करून दिला, फ्रेमसकट, आणि ती असेपर्यंत तो बुद्धाच्या तसबिरीशेजारी होता. निगेटिव्ह मात्र तिला दिली नाही. ती याच पाकिटात आहे.