पोरगं ओ देत नाही

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००८

फुकटात वाचून देते, तरी अंधशाळेच्या सरांचा तोरा! चिचगडच्या आंधळ्या पोरांसाठी कविता रेकॉर्ड केली, तर म्हणतात, "बाई, त्या भुताच्या कादंबऱ्या सोडा. मायेची कविता आहे, गोड वाचा."

काऊन गोड? माय सांजेला तलावाच्या पाळीवर पोराले हाका मारून राहिली, अन् पोरगं शेवटपर्यंत ओ देत नाही. भुताच्या पुस्तकात असं झालं की मी समजून जाते, पोरगं गेलं. चौथी शिकली म्हणून मीच भलतं समजली का? आता पुन्हा वाचून पाहिली. ओ नाहीच. अंगावर काटा आला. मग रेकॉर्ड करताना आवाज कापरा झाला तर काय चुकलं?

गोड वाचून त्या पोरांले फसवणार नाही. उद्या सरांना तोंडावर विचारते: पोरगं घरी येते का नाही, शनिवारपर्यंत सांगा. नाही तर वाचायले दुसरी बाई पाहा.