कृष्णेचं त्रैराशिक

१६ जून १९४६, रविवार

चुकलं! साफ चुकलं!

दाजींचं कार्ड आलं होतं — महाबळेश्वरला एका दिवसात दहा इंच. दाजी, म्हणजे कस्तुरीअक्काचे यजमान, तिथे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर आहेत. बंगल्याच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं आहे आणि गेल्या वर्षीपासून माझ्या हट्टाखातर ते आकडे कळवतात. मी लगेच त्रैराशिक मांडलं. गेल्या ऑगस्टात सहा इंच पडले तेव्हा नदी धुण्याच्या धोंड्यापर्यंत आली होती. मग दहा इंचांना कुठवर? मारुतीच्या ओट्याजवळ! मी हे आईला सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या हरिपुरात झालं. आमच्या आळीतल्या भाऊसोंनी तर नदीकाठची कडब्याची गंजी हलवली.

आणि नदी? हातभर चढली. गढूळ झाली. बास!

सकाळी पाणी आणायला गेले तर भाऊसो घाटावरच उभे. "काय जोशीणबाई, तुमची नदी कुटं अडाकली? वाईला म्हेवण्याकडं जेवाय थांबली व्हय?" भविष्य सांगते म्हणून जोशीणबाई! सगळ्या बायका हसल्या. माझी घागर अर्धीच भरली होती, तशीच घेऊन आले.

१८ जून, मंगळवार

भाऊसोंचं हसणं विसरता येईल. शेजारच्या हरणामावशीचं नाही विसरता येत, कारण ती हसलीच नाही. काल परसात येऊन म्हणाली, "पोरी, जमंल तुजं गणित. जमलं की मला पैलं सांग. माजं पेव हाय."

तिचं एकच पेव. विहिरीसारखा खोल खड्डा, त्यात वर्षाची सगळी हळद, तोंडावर मातीचा ढीग लिंपलेला. बंद आहे तोवर किडा नाही की बुरशी नाही. पण एकदा तोंड फोडलं की सगळी हळद एकदम बाहेर काढावी लागते, आणि पावसाळी हवेत ती दमट होते, रंग उतरतो. म्हणून दसऱ्यापर्यंत कोणी पेवाला हात लावत नाही. मावशीला नवरा नाही, मुलगा मानसिंग पलटणीतून अजून सुटला नाही. त्या खड्ड्यात तिचं सगळं वर्ष आहे.

आमची पेवं खालच्या रांगेत, ओढ्याकडे. तिचं वरच्या रांगेत, चढावर. मोठा पूर यायचा असला आणि आधी कळलं तर उघडून हळद वाचवता येते. आणि पूर येणार म्हणून उघडलं नि आलाच नाही, तर आपल्याच हातानं नासवली!

मनात सारखं येतंय — चुकीचं भाकीत करणं म्हणजे खोटं बोलणंच का? आप्पांना विचारलं. म्हणाले, "माहीत नसताना माहीत आहे असं सांगितलंस, तर होय."

२७ जून, गुरुवार

मिळालं! मिळालं!!

या खेपेला महाबळेश्वरला पाऊस कमी — सहाच इंच. आणि नदी थेट धुण्याच्या धोंड्यावर! कमी पावसात जास्त पाणी! मी घाटावर उभी राहून मोठ्यानं हसले. सोनाराची सून घाबरून बाजूला झाली.

पावसाला त्रैराशिक लागत नाही! आप्पांनी मला घरी बसवून पाटीवर जे पहिलं मोठं गणित शिकवलं ते हेच — इतक्या मणाला इतके, तर तितक्या मणाला किती. हळदीला लागतं. सुताला लागतं. डोंगराला लागत नाही! नवा माठ आणला की पहिल्या दिवशी पाणी तो स्वतःच पितो. डोंगर तसाच. चार महिने उन्हात भाजलेला. जूनचे दहा इंच त्यानं गिळले. आता पोट भरत चाललंय, म्हणून सहातले बरेच आपल्याकडे सोडले.

म्हणजे नुसता आज किती पडला हे विचारून भागत नाही. आधी किती पडून गेलाय तेही धरायला हवं.

आप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तुला अर्धंच शिकवलं म्हणायचं." असं म्हणाले! आप्पा!

३ जुलै, बुधवार

दाजींचं कार्ड आणि त्या पावसाचं पाणी आज एकाच दिवशी पोचले. कार्ड मोटारीनं घाट उतरून पुढं आगगाडीनं आलं. पाणी आपलं वाई, माहुली, कऱ्हाड करत आलं. मग कार्डाचा उपयोग काय? मी पुराचा इतिहास लिहितेय!

१४ जुलै, रविवार

टपालवाल्यांचा संप. कार्ड बंद. आता मी आंधळी.

भाऊसो म्हणतात, "बरं झालं, नदीला बी जरा इसावा."

२१ जुलै, रविवार

आंधळी नाही!

आई म्हणाली, "गाळणं बदल गं, बघ किती लाल झालंय." आमच्याकडे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे मी जन्मापासून करते आहे. हजारदा ते फडकं धुतलं असेल. आज पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं! लाल. पण परवा तर काळं होतं! पळत जाऊन धुण्यातलं परवाचं फडकं काढलं. अजून ओलं होतं. होय, काळं. दोन्ही शेजारी वाळत घातली.

परवा पाऊस कुठे झाला? इथेच, आणि खटावाकडे. काळ्या रानाचा. ते पाणी येरळा नदीतून आलं, जवळचं, म्हणून लगेच आलं आणि लगेच ओसरलं. आजचं लाल पाणी डोंगरच्या तांबड्या मातीचं. इथे तर काल ऊन होतं! म्हणजे वर केव्हातरी पडलेलं ते चालत चालत आज पोचलं. नदीत एका वेळी एका दिवसाचं पाणी नसतंच. इथलं आजचं, कऱ्हाडचं कालचं, महाबळेश्वरचं परवाचं — सगळे दिवस घाटावर एकत्र उभे!

आता रोज एक फडकं. प्रत्येकाच्या कोपऱ्याला तारखेची गाठ. आई म्हणते, घरात एक धड चिंधी ठेवणार नाहीस तू.

२३ जुलै

लाल.

२४ जुलै

लाल, दाट. दुपारी मारुतीच्या ओट्याच्या खाली एक हात.

९ ऑगस्ट, शुक्रवार

संप मिटला. दाजींची सगळी कार्डं एकदम आली. आप्पांनी वाचून दाखवली. ते तारीख वाचत, मी फडकं शोधत. जुळतंय! वर मोठा पाऊस — दोन दिवसांनी माझं फडकं लाल. वर उघडीप — फडकं फिकं. एक सोडून सगळी जुळली, आणि त्या एकाच्या वेळी मी घागर ओढ्याजवळ भरली होती, चूक माझी.

दाजींनी आणखी एक लिहिलंय, ते वाचून अंगावर काटा आला. कृष्णा आणि कोयना दोघी एकाच डोंगरावर उगम पावतात. कृष्णा इकडे वाईला उतरते, कोयना डोंगराआड लांबून दक्षिणेला जाते आणि मग वळून कऱ्हाडला हिला भेटते. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब, एक या कुशीला पडला, एक त्या. ताटातूट झाली आणि कऱ्हाडला परत भेट! आणि तिसरा थेंब जरा पलीकडे पडला तर कोकणात. तो कधीच भेटायचा नाही. वीतभर अंतराचा फरक!

मी अंगणात गिरकी घेतली. आई म्हणाली, "एकोणीस वर्षांची घोडी, नाचतीस काय!"

१७ ऑगस्ट, शनिवार

दाजींची तार आली. दोन दिवसांत बावीस इंच, अजून थांबत नाही.

इथे लख्ख ऊन. पोरं विटीदांडू खेळतायत. आणि मला दिसतंय, ते पाणी आत्ता कुठे असेल! डोंगर आता काही पिणार नाही. पडेल ते सगळं सोडणार. शिवाय वारणा कालपासूनच भरून आली आहे आणि आमच्या गावाखालीच कृष्णेला मिळते. ती वाट अडवून बसली की कृष्णेला पुढे सरकता येणार नाही, मागे फुगेल.

परवा येणार. खालची रांग बुडणार.

आप्पांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "माहीत आहे, की वाटतंय?" मी म्हटलं, "खालच्या रांगेचं माहीत आहे." ते उठले आणि कोंडीबाला हाक मारली.

कोंडीबा म्हणजे आमच्याकडचा पेवात उतरणारा गडी. त्यानं तोंडं फोडली, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, कंदील दोरानं खाली सोडून पाहिला, मग उतरला. हळद बस्तीच्या, आमच्या जैन मंदिराच्या, मंडपात गेली. भाऊसो येऊन उभे राहिले, "आवं आप्पा, उनात पूर? पोरीच्या नादानं हळद नासवता!" आप्पा म्हणाले, "आमची आहे, नासू दे." अर्ध्या तासानं भाऊसोही गडी घेऊन आले. माझ्याकडे बघितलं नाही.

मग हरणामावशी. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. "चंदना, माजं उगडू का नगं?"

मी परातीत पाणी भरून ती वरच्या रांगेजवळ दगडावर ठेवली, पाण्याच्या सपाटीला डोळा लावून पलीकडे पाहिलं, आप्पा खाली, माझ्या हिशेबानं पाणी येईल तिथे खूण करून, काठी धरून उभे राहिले. तीनदा केलं. माझ्या हिशेबाचं पाणी मावशीच्या पेवाच्या तोंडाखाली पुरुषभर राहतं. पुरुषभर! मी चुकले तरी दोन हात चुकेन. शिवाय पोटात पाणी असलेली ही हवा — उघडलं तर हळद गेलीच.

"मावशी, नका उघडू. तोंडापर्यंत पाणी येणार नाही."

"तू म्हंतीस तर न्हाई उगडत." आणि गेली! इतक्या सहज! मला वाटलं होतं ती आणखी काही विचारेल.

१९ ऑगस्ट, सोमवार

आलं!! उन्हात आलं! आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि लाल पाणी, बाभळी, छपरं, गुळाची एक अख्खी काहील तरंगत! मारुती बुडाला. ओढा उलटा वाहायला लागला, मग थांबला, मग पसरला. आमच्या रिकाम्या पेवांत पाणी शिरताना असा आवाज झाला की म्हशी दावं तोडायला लागल्या.

मी वरच्या रांगेखाली, माझ्या खुणेवर काठी रोवून उभी. चढतंय. अजून चढतंय. माझ्या खुणेला लागलं. खुणेवर दोन बोटं. आणि थांबलं!

थांबलं!!

भाऊसो गुडघाभर पाण्यातून आले. मला वाटलं काही लागट बोलतील. म्हणाले, "जोशीणबाई, फुडच्या साली माज्या लेकाचं लगीन हाय. तवाचा पाऊस बी सांगून ठेवा." सगळे हसले, मीही. हसताना रडू आलं.

२१ ऑगस्ट

पाणी हलत नाही. वारणेनं धरून ठेवलंय. पण त्या दोन बोटांच्या वर चढलंही नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

ओसरलं. सगळीकडे गाळ, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. पहिल्यांदा मी वरच्या रांगेकडे गेले. मावशीच्या पेवावरची माती हातानं चाचपली. कोरडी! फक्त वरचं दव.

मावशीनं घरी बोलावून ओंजळभर ओल्या शेंगा दिल्या. म्हणाली, "मानसिंगला चिट्टी लिव्ह. लिव्ह की आपली हळद चंदनानं राखली." मी लिहिली, पण माझं नाव घातलं नाही. नदीनं राखली असं लिहिलं. तिला वाचता येत नाही, पण तिला संशय आला. "माजं म्हननं लिव्हलंस न्हवं?" मग घालावं लागलं.

संध्याकाळी आप्पा पाटी घेऊन माझ्यासमोर बसले. "हं, सांग. त्रैराशिक लागत नाही तर काय लागतं?" सूर्य बुडायच्या आत जेवायचं होतं तरी आई दोनदा हाक मारून गप्प झाली. मी बोलत होते आणि आप्पा मान हलवत होते. असा दिवस मला पुन्हा यावा.

३० सप्टेंबर

सगळी फडकी धुऊन आईला परत दिली. हिशेब वेगळा उतरवून ठेवला आहे. दाजींनी लिहिलंय, पुढच्या वर्षी पाचगणीचाही पाऊस मिळेल. दोन ठिकाणं! कधी जून येतो असं झालंय.

७ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. आज हरणामावशीचं पेव उघडलं. तोंड कोरडं, गळ्यापर्यंत कोरडं. कोंडीबा दोर धरून उतरला. मग आतून म्हणाला, "आप्पा, हितं खाली चिखूल हाय. निम्मी हळद कुजली. पानी खालनं चढलंय, मातीतनं. असं म्या कवा बघिटलं न्हवतं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मावशी नाही. ती पेवात वाकून बघत होती. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तोंडापतूर न्हाई आलं बग. तू म्हनलीस तसंच."